हात सोडून उडायचं

१४ ऑक्टोबर

बसली एकदाची पेटी विमानात! जेवणाच्या डब्याएवढी तर आहे, पण पॅनेलखाली तिला जागा करता करता ज्ञानूचा आणि माझा जीव गेला. ज्ञानू आमचा मेकॅनिक. पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून काम करतो आणि तशातही त्याची बडबड बंद होत नाही. "ताई, हे आपोआप उडाय लागलं की मीरासाब चाचांनी काय करायचं? शेंगा खायच्या?"

चाचा मागंच उभे होते. म्हणाले, "खाईन की. तू सोलून दे."

मी कॉलेजात होते तेव्हा चाचांनीच मला विमान शिकवलं. पुढं तो क्लब बंद पडला, मी बेंगळुरूला गेले, आणि चाचांच्या हाताला राजवर्धनचं हे दोन सीटचं खेळण्यासारखं विमान तेवढं उरलं. राजवर्धन माझ्या वर्गातला. शिरोलीला त्याचा कारखाना आणि कागलच्या पुढं माळावर ही धावपट्टी. पेटी माझी, विमान त्याचं, उडवणार चाचा. लहान विमानांना परवडेल असा ऑटोपायलट कोल्हापुरात बनवायचा, असा हा सगळा उद्योग आहे.

डिसेंबरात पैसे घालणारे पाहुणे बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर इथंच बनवायला घेऊ. नाहीतर राजवर्धननं तोंडावर सांगून टाकलंय, विमान विकणार. मग चाचा कायमचे जमिनीवर आणि मी परत बेंगळुरूत कुणाच्या तरी हाताखाली.

होणार. का नाही होणार?

१९ ऑक्टोबर

आज पहिली खरी चाचणी. लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

पुढच्या सीटवर चाचा, मागं मी. लॅपटॉपला जागा हवी म्हणून विमान वळवायचा मागचा दांडा, म्हणजे मागची स्टिक, आम्ही काढूनच टाकलीय, त्यामुळं मला पुढचं दिसतं ते चाचांची मान आणि टोपी. ठरलेलं असं की चाचांनी उंचीवर न्यायचं, पंख सरळ करायचे, मी बटण दाबायचं, त्यांनी "हात सोडला" म्हणायचं. तिथून पुढं विमान पेटीच्या ताब्यात. विमान तिरकं झालं की सर्वो मोटर स्टिक ओढून ते सरळ करणार. किती जोरात ओढायचं तो आकडा म्हणजे गेन. जास्त ठेवला तर मोटर नको तेवढं ओढते, मग उलट्या बाजूला ओढते आणि विमान डोलायला लागतं. कमी ठेवला तर सुस्त. सगळी कला त्या आकड्यात आहे.

"हात सोडला," चाचा म्हणाले. आणि डोललं की मेलं! डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं, दर खेपेला जास्तच. चाचांनी स्टिक धरली तेव्हा माझा लॅपटॉप मांडीवरून खाली पडला होता.

खाली राजवर्धन आणि त्याचे चुलते हंबीरराव खुर्च्या टाकून बसले होते. हंबीरराव म्हणाले, "विमान हाय का जत्रंतनं पिऊन आलेला पैलवान?" सगळे हसले. ज्ञानूसुद्धा हसला, लेकाचा. राजवर्धन मात्र हसला नाही. "क्रांती, जमत नसंल तर आत्ताच सांग. पावण्यांपुढं मी तोंडघशी पडणार न्हाई."

हँगरच्या मागं जाऊन रडले. इतक्या वर्षांत कामावरून रडले नव्हते. चाचा पाण्याची बाटली घेऊन आले. मी म्हटलं, "चाचा, पुढच्या खेपेला असंच झालं तर मी गाशा गुंडाळते. चारचौघांत हसू करून घ्यायला आले नाही मी." ते माझ्या लॅपटॉपवरची माती रुमालानं पुसत बसले.

२३ ऑक्टोबर

जमलं! जमलं! जमलं!

गेनचा आकडा तोच ठेवला. माझं म्हणणं होतं की दोष आकड्याचा नसून सेन्सरच्या थरथरीचा आहे. म्हणून रात्री जागून ती थरथर गाळणारा नवा फिल्टर लिहिला. आज चाचा म्हणाले "हात सोडला" आणि विमान एकदा किंचित हललं नि गप्प बसलं. मुद्दाम तिरकं केलं, तरी शहाण्या पोरासारखं सरळ झालं. मी मागून ओरडले, "चाचा, बघताय न्हवं?" ते म्हणाले, "बघतोय की." आवाज जरा ओढलेला वाटला. उतरल्यावर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ऑक्टोबरचं ऊन, वर काचेचं झाकण, दुसरं काय होणार?

राजवर्धनला फोन करून मुद्दाम सावकाश सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं." त्याच्या तोंडून "बरं" म्हणजे सत्कारच.

सगळ्यांना मिसळ खायला घातली. चाचांनी फक्त पाव खाल्ला.

२ नोव्हेंबर, पाडवा

फराळ घेऊन मंगळवार पेठेत चाचांकडं गेले. बिबीजान चाचींनी चकली मोडून बघितली आणि म्हणाल्या, "विकतची हाय." त्यांच्यापुढं खोटं टिकत नाही.

चाचा नमाजला गेलेले. चाची म्हणाल्या, "तू आलीस तवापासनं ह्यांची चाल बदललीया बघ. गेल्या साली नुसते गच्चीवर बसायचे. विमानाचा आवाज आला की वर बघायचे आणि ते गेल्यावर पण बघतच बसायचे. मला भ्या वाटायचं." मग म्हणाल्या, "तू जाऊ नको हं परत." मी म्हटलं, "चाची, पेटी चालली तर कशाला जाते?"

चाचा आल्यावर त्यांनी विचारलं, "बेंगळुरूचं घर सोडलंस व्हय?" म्हटलं, सोडलं, सामानसुद्धा आणलं. त्यांनी हातातली चकली ताटात परत ठेवली. मला वाटलं होतं खूश होतील.

९ नोव्हेंबर

एक गोष्ट खटकतेय. सर्वो मोटर जेवढा करंट खायला हवा त्यापेक्षा फार जास्त खाते. कुणीतरी विरुद्ध बाजूला ओढत असावं तसं. शिवाय पेटीचं उत्तर सुस्त येतं, वळायला विमान कुरकुर करतं. मी म्हटलं, केबल कुठंतरी घासतेय. चाचा लगेच म्हणाले, "व्हय व्हय, केबलच असणार. दुसरं काय असतंय?"

ज्ञानूला सगळ्या पुली खोलून ग्रीस लावायला सांगितलं. तो दिवसभर आत घुसून होता. काही फरक नाही. शेवटी गेन वाढवला. म्हटलं, घासतंय तर घासू दे, मोटर जास्त जोर लावेल. वाढवल्यावर छान झालं. आश्चर्य म्हणजे एवढा वाढवूनही जरासुद्धा डोललं नाही. फिल्टर भारीच लिहिलाय मी, दुसरं काय!

१६ नोव्हेंबर

अजून वाढवला. उंचीसुद्धा धरायला लागलंय. माळावर उसाचे फड पेटवलेत, धुराच्या वर गेलं की गरम हवेचे धक्के बसतात, त्यातही पंख सरळ.

उतरल्यावर चाचा म्हणाले, "आनि किती वाढवणार गं? एक दिस पयल्यापासनं बघूया का? अगदी कमी आकडा लावून?"

"ज्यानं रडवलं त्याच्याकडं परत कशाला जायचं?"

"तसं न्हवं पोरी. मला जरा..." तेवढ्यात राजवर्धनचा फोन आला आणि मी उठून गेले. परत आले तर चाचा विमानाची काच पुसत होते. म्हटलं, काय सांगत होता? म्हणाले, "काय न्हाई, काच घाण झालीया."

चाचा थकलेत की काय? हाताला बाम लावत होते. वय झालं, कुणी कबूल करत नाही.

२८ नोव्हेंबर

पाहुणे सहा तारखेला येणार. राजवर्धननं एक नवीनच काढलं. म्हणाला, "त्या दिवशी चाचा नकोत. जुना वस्ताद विमानात बसला तर पावणं म्हणतील की कसब त्याचं, पेटीचं न्हाई. नवीन पोरगं बसवायचं. दोन्ही हात वर काढून दाखवायचं."

बोलला ते पटलं मला. लगेच पटलं. गगनबावड्याचा ऋतुराज पाटील, पुण्यात शिकून नुकताच लायसन घेऊन आलेला. चुणचुणीत आहे. त्याला बोलवायचं ठरलं.

चाचांना सांगितलं तर एकदम उसळले. "त्यो न्हाई. मीच उडवणार." इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी समजावलं, मान तुमचाच, नाव तुमचंच. ऐकेनात. "मग आधी मला तुझ्यासंगं एक बोलायचंय. एकटीशी." मला शिरोलीला पोचायचं होतं, राजवर्धन गाडीत हॉर्न देत होता. मी वैतागून म्हटलं, "चाचा, सहा तारखेनंतर काय ते बोलू. आता तरुण पोरांना जागा द्यायला शिका जरा."

ते मागं सरले. गाडीत बसल्यावर वाईट वाटलं. पण राग पण आला होता. रुसलेत. दोन दिवसांनी निवळतील.

६ डिसेंबर

ऋतुराज जिवंत आहे.

८ डिसेंबर

आज लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून राजवर्धन म्हणाला, खालून न्या. मी हो म्हटलं. चाचण्या सगळ्या वर उंचावर झालेल्या, तरी मी हो म्हटलं. ऋतुराजचा सराव झाला तोही पेटी न लावताच. वजन नको म्हणून मी आत बसले नाही, खाली पाहुण्यांच्या शेजारी उभी राहिले, हातात माइक. ऋतुराज वरनं फिरून आला, पुढं घेतलेलं बटण दाबलं आणि धावपट्टीवरून जाताना त्यानं दोन्ही हात काचेला लावून दाखवले. टाळ्या पडल्या. माइकवर मी म्हणत होते, "बघा, वैमानिकाचे दोन्ही हात मोकळे आहेत."

तेवढ्यात डोललं. पहिल्या झोक्याला पाहुण्यांना वाटलं, सलाम केला. दुसऱ्याला चाचा माझ्या मागून ओरडत पळाले, "धर! धर त्येला!" कुणाला ऐकू जाणार? ऋतुराजनं धरलं, पण तोवर एक पंख पार खाली गेलेला. धावपट्टीच्या टोकाला न तोडलेला ऊस उभा होता, त्यात घुसलं. त्या उसानंच पोराला वाचवलं असं सगळे म्हणतात. पायाची दोन हाडं मोडलीत, तोंड फुटलंय. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "ताई, सॉरी." मला सॉरी म्हणाला!

उसात धावताना पानांनी हात कापून निघाले. अजून चुरचुरतात. बरं झालं.

१० डिसेंबर

दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले होते. चाचा आले, शेजारी बसले. बराच वेळ आमच्यामध्ये कुणाचा तरी डबा होता, तो उचलून त्यांनी खाली ठेवला.

म्हणाले, "नुरा कुस्ती केली गं मी. तुझ्या मशीनसंगं."

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी लढत, पण मशीनसंगं कशी ते मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसानंतर त्यांनी एकदाही हात सोडला नव्हता. एकदाही नाही. तोंडानं "हात सोडला" म्हणायचे आणि दोन बोटांत स्टिक धरून मोटरीचा झोका जिरवायचे. विमान डोलायला निघालं की तिथंच दाबायचे. ते दाबायचे म्हणून मला पेटी सुस्त वाटायची. सुस्त वाटायची म्हणून मी गेन वाढवायची. मी वाढवला की त्यांना आणखी जोर लावावा लागायचा. करंट जास्त होता तो केबलमुळं नव्हता. चाचांमुळं होता.

"तू रडलीस. म्हणलीस, परत डोललं तर जाणार. म्हणलं, एक दिस सांभाळून घ्यावं, तवर पोरगी दुरुस्त करंल. वस्ताद पोराला पयल्या मैदानात पडू देतोय व्हय? मग दुसऱ्या दिशी सांगाय पायजे हुतं. जीभ उचलली न्हाई. तू एवढी खूश हुतीस." मग म्हणाले, "आनि खरं सांगायचं तर मला पण उडायचं हुतं."

"ऋतुराजला तरी सांगायचं!"

"सांगितलं. म्हणलं, हात जवळ ठेव, सोडू नगंस. मला वाटलं, तेवढं पुरंल."

मी काय बोलले ते लिहिते, कारण ते मीच बोलले. म्हटलं, "त्या पोराचा पाय तुम्ही मोडलाय. मला भीक नको होती तुमची. माझं आयुष्य मातीत घातलंत तुम्ही." येणारेजाणारे बघायला लागले तरी मी थांबले नाही. चाचा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी उठले आणि तो डबा होता तिथं परत ठेवून गेले.

१३ डिसेंबर

चौकशीला आलेल्या माणसांपुढं चाचांनी आपणहून सगळं सांगितलं. मी खाली उडवायला परवानगी दिली, करंट दिसत असून बघितला नाही, हे मी सांगायच्या आधीच ते म्हणाले, "चूक माझी एकट्याची. हिला म्हाईत नव्हतं." लायसन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. मागोमाग मीही बाहेर आले. मी बोलायला हवं होतं. ते तसेच पुढं गेले आणि केएमटीच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिले. मी गाडीत बसून बस येईपर्यंत बघत राहिले. काय बाई आहे मी!

५ जानेवारी

गगनबावड्याला ऋतुराजकडं जाऊन आले. पायाला सळ्या लावल्यात, पण तोंड सुरू आहे. त्याची आई माझ्याशी धड बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

ऋतुराज म्हणाला, चाचा दर रविवारी एसटीनं येतात. फळं आणतात, त्याच्या आईला घरात काय हवं नको बघतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जातात. "ताई, मला म्हणाले होते ओ ते, हात सोडू नको. मीच कशाला ऐकतोय! टाळ्या पडत होत्या की."

घाटात गाडी बाजूला घेतली. चाचांना फोन लावला. पहिली रिंग वाजली आणि मी कट केला. त्यांनी परत फोन केला नाही. माझं नाव दिसलं असेल ना त्यांना?

३ फेब्रुवारी

विमान दुरुस्त झालं. राजवर्धननं गिऱ्हाईक बघून ठेवलंय, महिनाअखेर घेऊन जाणार. त्यानं मला दोष दिला नाही, फक्त जेवायला बोलवायचं बंद केलं. मी म्हटलं, जायच्या आधी मला उडवू दे. पेटी अजून आत आहे. म्हणाला, "आता कशासाठी?" मी किल्लीसाठी हात पुढं केला. मग म्हणाला, "उडव. पण उंचावर."

१५ फेब्रुवारी

आज मी स्वतः पुढच्या सीटवर बसले. मागं वजनाला वाळूची पोती बांधली. ज्ञानू पहिल्यांदाच गप्प होता.

पहिल्या दिवशीचा, १९ ऑक्टोबरचा आकडा घेतला आणि निम्मा केला. काही खास विचार करून नाही. डोललं तर निम्मा करायचा, हे कुणीही शेंबडं पोर सांगेल. वर गेले, पंख सरळ केले, बटण दाबलं आणि हात सोडला.

एकदा हललं. थांबलं. सरळ गेलं.

तिरकं केलं, सरळ झालं. धक्क्यात नेलं, सरळ राहिलं. हात मांडीवर ठेवून मी बसले होते आणि विमान आपलं पन्हाळ्याच्या बाजूला चाललं होतं. इतकं सोपं. त्या दिवशी हँगरमागं रडण्याऐवजी परत वर जाऊन निम्मा आकडा लावला असता तर त्याच संध्याकाळी जमलं असतं. एक वाईट दिवस अजून काढायचा होता. मी रडले, धमकी दिली, आणि त्या माणसानं तो दिवस माझ्यावर येऊच दिला नाही. आणि त्या दिवसासकट सगळंच गेलं.

बऱ्याच वेळानं खाली आले. ज्ञानूनं विचारलं, "जमलं व्हय?" म्हटलं, जमलं. तो नाचायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला.

१७ फेब्रुवारी

बेंगळुरूला एक तारखेला हजर व्हायचंय. त्याआधी मंगळवार पेठेत गेले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

चाचींनी दार उघडलं, "ये" म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. चाचा आत बसले होते. बारीक झालेत. मी पाया पडले, माफी मागितली, जे बोलले ते सगळं चुकीचं बोलले म्हटलं. एवढं बोलायला मला सव्वादोन महिने लागले. ते म्हणाले, "जाऊ दे. पोराचा पाय बरा हाय का? परवा काठीवर चालत हुता." म्हटलं, चालतोय.

मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं की विचारणार.

"पेटी लागली का मार्गाला?"

"लागली."

"कितव्या खेपेला?"

चाची दारात उभ्या होत्या. चाचांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

मी म्हटलं, "खेपा कुठल्या मोजता चाचा! महिना गेला. आकडे बदलून बदलून वेड लागायची पाळी आली. शेवटी कळलं की मोटरच चुकीची होती. नवी घातली तेव्हा कुठं जमलं."

"मोटरच?"

"मोटरच. तुम्ही पहिल्या दिवसानंतरही हात सोडला असता ना, तरी डिसेंबरपर्यंत काही जमलं नसतं. ते व्हायचंच नव्हतं."

"व्हय?"

"व्हय की."

त्यांनी मोठा श्वास सोडला. चाचींनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं वळल्या. चाचांनी विचारलं, "मग कुठली मोटर घातलीस?"

एवढं मी ठरवून गेले नव्हते. म्हटलं, "मोठी."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मला विमान शिकवलेला माणूस. मी खाली फरशीकडं बघत होते. मग ते आतल्या बाजूला वळून म्हणाले, "अगं, चहा टाक. पोरगी दमून आलीया."